डिसेंबरचा ओटा : रोस्ट, केक, पेराड आणि तुमचे प्रश्न

दिवाळीचा फराळ डब्यात असतो तोवरच नाताळच्या खाण्याचे प्रश्न यायला लागतात. यंदा ते जरा जास्तच आलेत, आणि बहुतेकांचं रडगाणं एकच, २५ तारखेला सकाळी सातपासून ओट्याशी उभी होते, पाहुणे आले तेव्हा चिकन कच्चं, केक गरम, आणि मी घामाघूम. तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली प्रत्येक उत्तरात तेच तेच वाचून वैतागायला नको. नाताळचं जेवण त्या दिवशी करायचं जेवण नाहीच मुळी. निम्म्याहून जास्त काम आधीच होऊन जायला हवं, आणि त्या दिवशी फक्त रोस्ट आत आणि तुम्ही बाहेर बसलेल्या. आता प्रश्न.

ताई, गेल्या वर्षी नवीन ओटीजी घेतला आणि ३१ डिसेंबरला अख्खी कोंबडी रोस्ट केली. व्हिडिओत दाखवलं तसं मध, दही, तिखट सगळं लावलं. पाऊण तासात वरून काळी ठिक्कर आणि कापली तर मांडीच्या हाडाशी गुलाबी. नवरा म्हणाला ऑर्डर करूया. यंदा परत करायची हिंमत करू का? (दहिसर)

कराच. यात तुमचा हात वाईट नाही, त्या व्हिडिओवाल्याचा ओव्हन मोठा आणि तुमचा ओटीजी छोटा, एवढंच आहे. पंचवीस-तीस लिटरच्या ओटीजीत वरची कॉइल कोंबडीच्या छातीपासून चार बोटांवर असते, आणि मध म्हणजे साखर, ती इतक्या जवळच्या आचेवर करपणारच, दही-तिखटाचंही तेच. त्यामुळे मध लावायचाच असेल तर शेवटची दहा मिनिटं. मी तर लावतच नाही, मला रोस्ट गोड लागलेला आवडत नाही.

आता क्रम सांगते. चिकनवाल्याला आधीच सांगून ठेवा की स्किनसकट अख्खी पाहिजे, कारण आपल्याकडे न सांगता तो साल सोलूनच देतो आणि साल नाही तर रोस्टला मजा नाही. एक ते सव्वा किलोची घ्या, त्याहून मोठी छोट्या ओटीजीत बसली तरी नीट शिजत नाही. घरी आणून नळाखाली धूत बसू नका, ते शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, कोथिंबिरीवर सगळीकडे उडतात आणि जंतू तसेच पसरतात, नुसती टिश्यूने टिपून कोरडी करा. मग किलोला दोन छोटे चमचे मीठ, भरपूर मिरपूड, आत-बाहेर चोळायचं आणि आदल्या रात्री फ्रिजमध्ये न झाकता ठेवायची, सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे तिचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही. रात्रभरात मीठ आतपर्यंत जातं आणि साल सुकते, आणि सुकलेली सालच कुरकुरीत होते, ओली साल वाफेवर शिजते आणि रबरासारखी लागते. हे एवढं आदल्या दिवशी केलंत की अर्धी लढाई जिंकलात.

दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी बाहेर काढा, त्याहून जास्त वेळ मुंबईच्या हवेत नको. सालीखाली बोट घालून लसूण-लोणी सरकवा, पोटात अर्धं लिंबू आणि लसणाच्या पाकळ्या. बटाट्याचं सारण वगैरे पोटात भरू नका, त्याने आतली आच पोचायला वेळ लागतो, सारण वेगळ्या भांड्यात करा. ओटीजी २०० डिग्रीला पंधरा मिनिटं तापवून घ्या, ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत, आणि छातीवर फॉइलचा एक तुकडा नुसता अलगद ठेवा. तो शेवटच्या वीस मिनिटांना काढायचा. सव्वा किलोला साधारण तास-सव्वा तास लागतो.

शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नका, हे मात्र ऐकाच. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला रंग पूर्ण शिजल्यावरही कधी कधी आजूबाजूच्या मांसात उतरतो, म्हणजे गुलाबी दिसलं म्हणून कच्चंच असं नाही, आणि वरून लाल झाली म्हणून आत शिजलीच असंही नाही. सुईवाला किचन थर्मामीटर घ्या, मांडीच्या सगळ्यात जाड भागात हाडाला न लावता खुपसा, ७४ डिग्री दिसले की झालं. मग पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. लगेच कापली तर सगळा रस ताटात वाहून जातो आणि तुकडे कोरडे. त्या पंधरा मिनिटांत ट्रेच्या तळाला जे तूप-पाणी जमलंय त्यात एक चमचा मैदा भाजून, पाणी घालून ग्रेव्ही करून घ्या. तोवर नवऱ्याला प्लेटा मांडायला लावा.

आम्ही लालबागला एका खोलीत राहतो, ओव्हन ठेवायला जागाच नाही, दोन शेगड्यांचा गॅस आहे. मुलं म्हणतात क्रिसमसला रोस्ट पाहिजे. काही होईल का? (लालबाग)

होईल की, आणि वरच्या बाईंपेक्षा कमी त्रासात. मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती घरांत ओव्हन कुठे होते, रोस्ट म्हणजे जाड बुडाच्या टोपात मंद आचेवर केलेलाच असायचा, लागलं तर झाकणावर निखारे ठेवायचे. ज्यांना केक भाजायचा असे ते ट्रे घेऊन जवळच्या बेकरीत जायचे, जसं आपल्याकडे नानकटाईचं पीठ मळून बेकरीत न्यायची पद्धत होती तसंच.

कुकर घ्या, पाच लिटरचा असला तर किलोची कोंबडी आरामात बसते. आदल्या रात्री मीठ, आलं-लसूण वाटण, मिरपूड आणि दोन चमचे व्हिनेगर चोळून फ्रिजमध्ये. फ्रिज भरलेला असेल तर शेजारी विचारा, नाताळच्या नावाने कोणी नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये तीन-चार चमचे तेल तापवून कोंबडी सगळ्या बाजूंनी लाल करून घ्यायची, आणि इथे घाई करायची नाही, प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं द्या, रंग आणि चव दोन्ही इथेच येतात, नंतर वाफेवर रंग येत नाही. मग बाहेर काढून त्याच तेलात दोन उभे कांदे, दालचिनी, चार-पाच लवंगा, मिरे, दोन सुक्या मिरच्या. कोंबडी परत आत, अर्धी वाटी पाणी, झाकण लावा पण शिट्टी काढून ठेवा. मंद आचेवर पाऊण तास, मध्ये दोनदा उलटायची आणि पाणी आटलंय का बघायचं. शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांना सोललेले बटाटे टाका, ते त्या रसात शिजतात आणि खरं सांगू का, मुलं कोंबडी सोडून ते बटाटेच खातात. शेवटी झाकण काढून मोठ्या आचेवर रस आटवा. साल कुरकुरीत नाही होणार, तो नाद सोडा. बाकी कशात कमी नाही.

हाच प्रकार मटणाच्या रानेचाही, म्हणजे अख्ख्या मांडीचाही होतो, पण आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, त्याला वेळ भरपूर लागतो. इथे मात्र कुकरला शिट्टी लावून, शिट्ट्या होऊ देऊन आधी मऊ करा आणि मग तव्यावर किंवा टोपात तुपावर लाल करा. कच्च्या पपईचा कीस लावणार असाल तर किलोला एक चमचाच आणि तास-दोन तासच. रात्रभर लावून ठेवला तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतलं तसंच, मऊ व्हायचं खरं काम मंद आचेवरच होतं.

आमच्या समोरच्या ईस्ट इंडियन आंटींनी बॉटल मसाला दिलाय. रोस्टला तोच चोळू का? आणि ईस्ट इंडियन म्हणजे मूळचे कुठले, बंगालकडचे का? (वांद्रे)

बंगालकडचे अजिबात नाही हो, इथलेच! मुंबई, साष्टी, वसईतले मूळ रहिवासी, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले, घरात आपल्यासारखीच मराठी वळणाची बोली बोलणारे. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची पन्नास वर्षं साजरी झाली तेव्हा त्यांनी हे नाव घेतलं, म्हणजे इंग्रजांच्या नोकऱ्यांमध्ये बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपलं वेगळेपण कळावं.

मसाल्याचं म्हणाल तर रोस्टला नको. तो उन्हाळ्यात मिरच्या आणि ढीगभर जिन्नस वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात, उजेड लागू नये म्हणून, आणि इतक्या मेहनतीचा मसाला कोरड्या आचेवर जाळायचा म्हणजे पाप. रोस्टला खडा मसाला आणि मिरी. बॉटल मसाला रश्श्याला ठेवा. नाताळला त्यांच्याकडे बदकाचं मोइली करतात, कांदा-बटाटा आणि व्हिनेगर घालून, त्यात तो शोभतो. बदक मिळालं नाही तर गावठी कोंबडीचं करा, आणि सोबत फुग्या, म्हणजे तळलेले गोल पाव, करता आले तर विचारायलाच नको. आंटींनाच विचारा, आणि बाटली परत देताना रिकामी देऊ नका.

ताई, सासूबाई मार्गशीर्ष पाळतात, महिनाभर घरात अंडंसुद्धा नाही. आणि बिल्डिंगमध्ये २५ तारखेला सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा ठरलंय, माझ्या वाट्याला “रोस्ट आणि केक” आलंय! काय करू? (मुलुंड)

आधी कालनिर्णय बघा. काही वर्षी २५ डिसेंबर मार्गशीर्षात येतो आणि काही वर्षी अमावास्या आधीच होऊन पौष लागलेला असतो, म्हणजे कदाचित प्रश्नच मिटेल. नाही मिटला तर सुरण आणा. फ्लॉवरचा अख्खा गड्डा रोस्ट करायची फॅशन आहे, दिसतो छान, पण आतून पाणचट लागतो आणि कापताना भुगा होतो, माझं काही त्याच्याशी जमलं नाही. सुरणाला अंग असतं. बोटभर जाडीचे मोठे काप करा, हाताला तेल लावून, आणि मिठाच्या पाण्यात पाच-सहा आमसुलं टाकून उकडा, खाज मारायला. सुरी सहज जाईल इतपतच उकडायचं, गाळ नको. निथळून पूर्ण कोरडे होऊ द्या, मग लोणी, मिरपूड, आलं, लिंबू लावून ओटीजीत २०० डिग्रीला अर्धा तास नाहीतर सरळ बिडाच्या तव्यावर दोन्हीकडून खरपूस. गुरुवार असला तरी चालतं, यात कांदा-लसूण नाहीच. उकडून ठेवायचं काम आदल्या दिवशी.

केकचं सोपं आहे. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, ४०० ग्रॅमवाला, त्यात १२५ ग्रॅम पातळ केलेलं लोणी फेटा. २५० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, दालचिनी आणि जायफळ, हे तीनदा चाळून घ्या. पाऊण ते एक कप संत्र्याचा रस लागेल तसा, आणि मनुका, खजूर, काजू, टुटीफ्रुटी मिळून दोन वाट्या, थोड्या मैद्यात घोळवून म्हणजे तळाला बसत नाहीत. रस आणि सोडा एकत्र आले की लगेच फसफस सुरू होते, म्हणून मिश्रण झालं की फोनवर बोलत बसायचं नाही, डायरेक्ट तापलेल्या ओव्हनमध्ये, १६० डिग्रीला पन्नास मिनिटं ते तास. आदल्या दिवशी केलेला जास्त छान लागतो आणि सुबक कापला जातो. फक्त ज्या ट्रेमध्ये एरवी चिकन भाजता तो ट्रे वापरू नका, सासूबाईंना कळलं तर केक गेला आणि तुम्हीही गेलात.

मी पार्ल्याला चार मुलींबरोबर रूमवर राहते, आमच्याकडे फक्त छोटा कुकर आहे. मैत्रिणींसाठी काहीतरी गोड करायचंय जे फसणार नाही. (विलेपार्ले)

कॅरामल पुडिंग कर गं. अर्धा लिटर दूध, चार अंडी, सहा-सात चमचे साखर, थोडा व्हॅनिला. कुकरात मावेल असा डबा घे, त्यात तीन चमचे साखर आणि चमचाभर पाणी गॅसवर धर, ढवळू नको, नुसता डबा हलव, सांडशी घट्ट धरून. मधाचा रंग येऊन किंचित पुढे गेला की बंद. तिथून काळं व्हायला काही सेकंदच लागतात आणि मग ते कडू लागतं. दूध कोमट, अंडी हलक्या हाताने मोड, फेस काढायचा नाही, आणि गाळून डब्यात ओत. वर फॉइल घट्ट, नाहीतर वाफेचं पाणी आत पडतं. कुकरात दोन बोटं पाणी, शिट्टी काढलेली, आच एकदम मंद, अर्धा-पाऊण तास.

मोठ्या आचेवर केलंस तर त्याला खरवसासारखी जाळी पडेल. खरवसात ती बघून आपण खूश होतो, पुडिंगमध्ये ती म्हणजे अंडं जास्त तापून त्यातलं पाणी सुटल्याची खूण. मधोमध जरा थलथलत असतानाच काढ, थंड होताना घट्ट होतं. रात्रभर फ्रिजमध्ये राहू दे, म्हणजे हेही आदल्या दिवशीच करायचं, आणि सगळ्यांसमोर उलटं कर, टाळ्या मिळतात.

पेराड, म्हणजे पेरूच्या वड्या, दरवर्षी करते, दरवर्षी चमच्याने खावं लागतं. वड्या पडतच नाहीत. पेरू चांगले घेतले होते, एकदम पिकलेले. (वसई)

तिथेच गोम आहे. एकदम पिकलेल्या पेरूत वास मस्त असतो पण पेक्टिन कमी झालेलं असतं, आणि वडी धरते ती पेक्टिनमुळे. निम्मे पिकलेले, निम्मे जरा करकरीत असे घ्या. उकडून, बिया काढायला चाळणीतून घासून जो गर निघेल तो वजन करा, किलोला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. लिंबू चवीपुरतं नाही हं, आंबटपणा नसेल तर पेक्टिन आणि साखर एकमेकांना धरत नाहीत. जाड कढई, लांब दांड्याचा उलथणा, आणि पूर्ण बाह्यांचा गाऊन, कारण ते उडतं आणि चिकटून भाजतं. गोळा कढई सोडायला लागला की लगेच उतरवू नका, थेंबभर थंड ताटलीवर टाका, पसरला नाही आणि बोटाला चिकटला नाही की मग चमचाभर लोणी घालून तूप लावलेल्या थाळीत. कापायचं दुसऱ्या दिवशी. पंधरा दिवस आधी केलं तरी उत्तम राहतं, माझ्या मते तर सगळ्यात आधी पेराडच करून टाकावं.

काजूचं मार्झिपॅन करताना तेल सुटतं आणि साच्यातून नीट निघत नाही. आणि कलकल, म्हणजे ते शंखाच्या आकाराचे तळलेले गोड, दोन दिवसांत मऊ पडतात. (गोरेगाव)

तेल सुटतं ते मिक्सर सलग चालवल्यामुळे, त्याने काजू तापतात. काजू अर्धा तास फ्रिजरमध्ये ठेवा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा, मध्ये चाळा. बाहेरच्या देशांत मार्झिपॅन बदामाचं, आपल्या किनाऱ्यावर काजूचं, कारण पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं काजूचं झाड इथे असं रुजलं की बदाम कशाला आणायचा. गोळा गार झाल्यावर साच्यात भरा, साच्याला पिठीसाखर, तूप नाही. आणि काजूकतलीचा पाक येतो त्यांना हे येतंच, वेगळं असतं ते गुलाबपाणी, आणि काही घरांत अंड्याचा पांढरा बलक. तो घालणार असाल तर मिश्रण आचेवर नीट शिजवूनच घ्या.

कलकल आपल्या दमट हवेत मऊ पडतात. मंद आचेवर तळा, पूर्ण गार करा, मगच डब्यात, आणि डबा सतत उघडू नका. साखरेत घोळवलेले लवकर ओलसर होतात, त्यामुळे घोळवायचं ते खायच्या दिवशी.

केकसाठी फळं रममध्ये भिजवायला उशीर झाला. आणि भाजल्यावर दारू उडून जाते ना, म्हणजे मुलांना चालेल? (ठाणे)

उशीर वगैरे काही नाही. मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल रम नाहीतर रसात घालून अगदी मंद आचेवर झाकून पाच-दहा मिनिटं कोमट करा, आणि रात्रभर ठेवा, फळं फुगतात. रम तापवताना गॅसपासून तोंड लांब ठेवा, वाफ पेट घेते. रसात भिजवली असतील तर फ्रिजमध्ये.

दारू पूर्ण उडते हा मात्र गैरसमज आहे. तासभर भाजलेल्या केकमध्येसुद्धा घातलेल्या दारूचा साधारण पाव भाग राहतो, आणि भाजल्यावर वरून जी रम शिंपडतात ती तर बरीचशी राहते. मुलांसाठी संत्र्याच्या रसातला वेगळा करा. शेजारीपाजारी ताटं पाठवताना कशात रम आहे, कशात अंडं आहे ते चिठ्ठीवर लिहून पाठवा, आपल्या बिल्डिंगांमध्ये कोण काय पाळतं सांगता येत नाही.

टर्की आणू का? (अंधेरी)

नका आणू. तुमच्या ओटीजीत मावणार नाही, मावलीच तर छाती कोरडी आणि पाय कच्चे, आणि बर्फातली असेल तर फ्रिजमध्ये सुटायलाच दोन-तीन दिवस जातात, तोवर बाकी सामान ठेवणार कुठे? त्याऐवजी दोन छोट्या कोंबड्या करा. चार तंगड्या मिळतात, भांडणं कमी.

उरलेल्या रोस्टचं काय करू? (दादर)

आधी म्हणजे जेवणं झाल्यावर गप्पा मारत टेबलावर ठेवू नका, दोन तासांच्या आत मांस हाडावरून काढून फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवा. हाडं, कांदा, मिरी घालून तासभर उकळलीत की सूप. आणि मांस बारीक चिरून, उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, कोथिंबीर, ब्रेडचा चुरा घालून कटलेट. पावात घालून २६ तारखेच्या ऑफिसच्या डब्याला द्या, रोस्ट राहिला बाजूला, लोक कटलेटची रेसिपी विचारतात.